‘टेस्टोस्टेरॉन वाढवणाऱ्या’ गोळ्या आणि फसवा रिपोर्ट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

टेस्टोस्टेरॉन हे पुरुषांचं मुख्य लैंगिक हार्मोन वाढवण्याचा दावा करणारे गोळ्यांचे डबे आज जिमपासून मेडिकलच्या काउंटरपर्यंत सगळीकडे चिठ्ठीशिवाय मिळतात. शरीरात एखाद्या घटकाची कमतरता असेल, तर ती भरून निघाल्यावर हार्मोन वाढू शकतं. कमतरताच नसेल तर बहुतेक वेळा पैसे पाण्यात जातात.

झिंकचंच (जस्ताचंच) घ्या. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तरुणांच्या आहारातलं झिंक २० आठवडे कमी केलं, तेव्हा त्यांचं टेस्टोस्टेरॉन ३९.९ वरून १०.६ नॅनोमोल प्रतिलिटरवर उतरलं. झिंक थोडं कमी असलेल्या ज्येष्ठांना ते सहा महिने दिल्यावर ८.३ चं १६ झालं. जाहिरातीत हा दुसरा आकडा झळकतो, कमतरतेची अट मात्र गाळली जाते. रक्तात हार्मोन पुरेसं झालं की मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी एलएच (वृषणांना टेस्टोस्टेरॉन बनवायला सांगणारं हार्मोन) सोडणं कमी करते, त्यामुळे वरून ओतलेल्या झिंकने पातळी चढत नाही. उलट रोज ४० मिलिग्रॅमपेक्षा जास्त झिंक महिनोन्‌महिने पोटात गेलं, तर तांबं शोषलं जात नाही; रक्त कमी होतं, हातापायांना मुंग्या येतात. ‘झिंक सल्फेट २२० मिलिग्रॅम’ म्हणजे प्रत्यक्ष झिंक सुमारे ५० मिलिग्रॅम, हे लेबल वाचताना ध्यानात ठेवावं.

गोखरूने निरोगी तरुणांचं टेस्टोस्टेरॉन वाढल्याचं दिसलेलं नाही. अश्वगंधेच्या काही छोट्या चाचण्यांत माफक वाढ दिसली, पण यकृताला सूज आल्याच्या नोंदीही आहेत. थायरॉइडची गोळी चालू असलेल्यांनी अश्वगंधा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

खरा घोळ तपासणीत होतो, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. केसांच्या अनेक गोळ्यांत ५ ते १० मिलिग्रॅम बायोटिन (एक बी-जीवनसत्त्व) असतं. रोजची गरज ३०-४० मायक्रोग्रॅमची, म्हणजे शेकडो पट कमी. पुरुषांच्या मल्टिव्हिटॅमिनमध्येही ते घातलेलं असतं. काही लॅबच्या यंत्रांत हार्मोन पकडण्यासाठी बायोटिनचाच हूक वापरतात. रक्तात मोकळं बायोटिन भरपूर असलं की ते ती जागा अडवतं, यंत्राला मिळणारा संकेत क्षीण होतो, आणि टेस्टोस्टेरॉनच्या चाचणीत क्षीण संकेत म्हणजे ‘जास्त हार्मोन’ असा हिशेब असतो. एलएच आणि टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं हार्मोन) यांच्या चाचणीत मात्र हिशेब उलटा, म्हणून ते याच कारणाने खोटे कमी दिसतात. म्हणजे डबा संपवून तपासणी करणाऱ्याला वाटतं, गोळी लागू पडली! ज्याचं हार्मोन खरोखर कमी आहे, त्याचं निदान लांबतं. हार्ट अॅटॅकसाठी करतात ती ट्रोपोनिन चाचणीही अशीच खोटी कमी येऊ शकते. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१७ मध्येच तसा इशारा दिला आहे.

म्हणून बायोटिन किमान दोन-तीन दिवस बंद ठेवून, सकाळी ७ ते १० दरम्यान, उपाशीपोटी रक्त द्यावं. ताप किंवा आजारपणात देऊ नये. आकडा कमी आला तर आणखी एखाद्या दिवशी पुन्हा तपासावं, सोबत एलएच आणि प्रोलॅक्टिन (पिट्युटरीचंच आणखी एक हार्मोन). रोज पाच तास झोपणाऱ्या तरुणांचं टेस्टोस्टेरॉन आठवड्याभरात १० ते १५ टक्के घसरतं. सुटलेलं पोटही ते खाली आणतं. डबा घेण्याआधी या दोन गोष्टी पाहाव्यात.

गोळीने तासाभरात ‘फरक’ जाणवला तर जास्तच सावध व्हावं. अशा उत्पादनांत लेबलवर न लिहिलेलं सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं औषध) वारंवार सापडलं आहे. छातीदुखीसाठी जिभेखाली नायट्रेटची गोळी ठेवणाऱ्या माणसाचा रक्तदाब त्याने जिवावर बेतेल इतका कोसळू शकतो.

लैंगिक क्षमता वाढवण्याच्या औषधांची जाहिरात करायला १९५४ च्या औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने मनाई आहे. आपल्यासह सर्व वृत्तपत्रांनी ती काटेकोर पाळावी. आणि पॅथॉलॉजी लॅबनी नोंदणीच्या फॉर्मवर एक ओळ छापावी : ‘केसांच्या किंवा व्हिटॅमिनच्या गोळ्या चालू आहेत का? शेवटची कधी घेतली?’

आपला,
एक फार्मासिस्ट वाचक, नाशिक