सूनबाईला विचारल्याशिवाय एक बटण पण देऊ नको

प्रिय बापू,

काल तू ऑफिसमधून निघायच्या घाईत होता, नीट बोलणंच झालं नाही, म्हणून लिहून पाठवतेय, रात्री जेवण झाल्यावर निवांत वाच. तू म्हटला फ्लॅट बदलायचाय अन माळ्यावर सूनबाईच्या शिवणकामाचे, क्रोशाचे चार खोके पडलेत, २०२० च्या लॉकडाऊनमधे ऑनलाइन मागवलेलं सगळं, आता कोणी हात लावत नाही, तर भंगारवाल्याला देऊन टाकू का. मला आधी हे सांग की तिला विचारलं का? सामान तिचं आहे. बाईमाणूस रंग जुळवून दोरा घेते ना तेव्हा तिच्या डोक्यात एक वस्तू तयार झालेली असते, ती वस्तू झाली नाही म्हणून दोरा भंगार होत नाही. ती स्वतः नको म्हणाली तरच पुढचं वाच.

मी इथे तीस वर्षं शिवणक्लास चालवला, तो बंद केल्यावर किती सामान उरलं होतं तुला माहितीये, पूर्ण कपाट अन पलंगाखालच्या दोन पेट्या. तीन वर्षांपूर्वी त्यातलं एक मोठं पोतं बांधून मी एका शाळेत देऊन आले होते, मुलींना कार्यानुभवाला होईल म्हणून. पुढच्या वर्षी काही कामानं गेले तर पोतं तसंच बांधलेलं, स्टोअररूममधे, लोकरीत उंदरांनी घर केलेलं. फार वाईट वाटलं रे. पण तिथे शिवण शिकवणारं कोणी होतंच नाही आणि मी ते विचारलंच नव्हतं, देऊन मोकळी झाले होते. तेव्हापासून ठरवलं की आधी माणूस शोधायचा, त्याला काय पाहिजे ते विचारायचं, मगच पिशवी भरायची.

मागच्या दिवाळीच्या आधी मी सगळं खाली काढलं. चार दिवस नुसतं पारखण्यात गेले. आपल्याकडचं ऊन कसं असतं तुला माहितीये, वैशाखात पत्र्याखालच्या खोलीत ठेवलेलं इलॅस्टिक दोन उन्हाळ्यात मरतं, ताणलं की करकर वाजतं आणि परत आवळत नाही, ते सरळ टाकून दिलं. जुना सुती दोरा हातभर काढून झटका द्यायचा, पटकन तुटला तर तो मशीनवर चालणारच नाही, सारखा तुटून शिकणारीचा जीव खातो. सुया नखावर फिरवून बघायच्या, टोक अडकलं की बाद. आणि सुया देताना कोणत्या मशीनच्या ते लिहायचं, घरच्या मशीनची सुई वरून एका बाजूनं चपटी असते, कारखान्यातल्या जुकी मशीनवरची गोल, एकीची दुसरीला बसत नाही. डांबराच्या गोळ्यांचा वास लागलेलं कापड मी दोन दिवस गच्चीवर वाऱ्याला टाकलं. खराब वस्तू गरिबाला दिली म्हणजे चांगली होत नाही, टाकून द्यायचं काम फक्त आपण त्याच्यावर ढकलतो, एवढं लक्षात ठेव.

पायमशीन आयटीआयमधे शिवणाचा एक वर्षाचा कोर्स केलेल्या एका मुलीला दिली, पारोळ्याकडची आहे, कोर्स झाला पण घरी मशीन नव्हती म्हणून हात बसत नव्हता. देताना बॉबीन-केस, चार बॉबीन, नवीन पट्टा, पेचकस, तेलाची बाटली अन स्टूल, सगळं दिलं. बॉबीन-केस हरवली की मशीन नुसतं लोखंड आहे रे, आणि लोक नेमकी तीच ड्रॉवरमधे विसरतात.

माझ्याच एका जुन्या विद्यार्थिनीकडे मात्र मशीन होती. विश्वकर्मा योजनेत शिंपीकामाला १५,००० रुपयांपर्यंतचं टूलकिट मिळतं ना, त्यातून आलेली. पण ती म्हणे मॅडम, ब्लाउज शिवायला घेतला की अस्तर, हूक, मॅचिंग दोरा आधी आपल्या खिशातून आणावा लागतो आणि गिऱ्हाईक पैसे देतं पंधरा दिवसांनी. तिला मी दोऱ्याच्या एकशे चाळीस रिळा दिल्या, रंगाप्रमाणे लावून, अन अस्तराचे सगळे तुकडे मापाची चिठ्ठी टाचून. डबा उघडून ती बोललीच, "इतला दोरा कथा ठेवू मी?" म्हणजे एवढा कुठे ठेवू, पण हसत होती.

आभले अन कवड्या चाळीसगावकडच्या तांड्यावरच्या एका आजीबाईंना पोचवल्या, त्या अजून फेटिया-काचोळीवर, म्हणजे बंजारा घागरा-चोळीवर, हातानं काम करतात आणि नातीला शिकवतात. मी बारीक मणी पण नेले होते तर त्यांनी परत दिले, म्हणे एवढं बारीक आता दिसत नाही. नको ते सरळ परत देणारं माणूस मला फार आवडतं. लेस, गोटा, जरीचे काठ गल्लीतल्या कानबाई देवीसाठी ठेवलेत, श्रावणात मखर सजवायला लागतातच. चिंध्या गोधडी शिवणाऱ्या मावशीला, पण फक्त सुती, शंका असली तर दोन धागे जाळून बघायचे, सुताची कागदासारखी राख होते, पॉलिस्टरची कडक गोळी. अंगणवाडीला रंगीत कागद अन फेल्टचे तुकडे दिले, बटणं-मणी मुद्दाम नाही दिले, लहान लेकरं तोंडात घालतात.

आता तुमचं. सगळं एकाच माणसाला द्यायच्या मागे लागू नको, तुला सोपं पडेल पण त्याला ओझं होईल. तुमच्या सोसायटीखाली आल्टरेशनवाली ताई बसते ना, तिला झिपा, हूक, दोरे दाखव, तिला पाहिजे ते तिला निवडू दे. भरतकामाच्या लड्या असतील तर त्यांचा रंगाच्या नंबरचा कागद काढू नका, आठ मीटरची लडी असते, मधेच संपली तर तोच नंबर आणावा लागतो. लोकर एखाद्या वृद्धाश्रमात आधी फोन करून विचारा, विणणाऱ्या बायका आहेत का, सोबत सुया पाहिजेत का, पोचवायला जाल तर सूनबाईला घेऊन जा. जे कुठेच गेलं नाही ते आखाजीला, अक्षय तृतीयेला, येताना आण, नाहीतर लक्झरीच्या डिकीत टाकून दे, मी स्टँडवर घ्यायला जाईन, इथे क्लासच्या पोरी अजून येतात माझ्याकडे.

आणि एक. तिनं तेव्हा एक निळं झबलं विणायला घेतलं होतं, मला व्हिडिओ कॉलवर दाखवलं होतं, एक बाही राहिली होती. ते खोक्यात असेल. ते कोणाला द्यायचं नाही. तिला करायचं असेल तर तिच्याजवळ राहू दे, नसेल तर माझ्याकडे पाठवा, मी बाही पूर्ण करते. फक्त त्याच गुंड्याची उरलेली लोकर सोबत ठेवायला सांग, दुसऱ्या लॉटची घेतली की निळ्या-निळ्यात फरक दिसतो.

तुझी आई
अमळनेर