पुरानंतर एटीव्हीचा मागचा एक्सलही उघडा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पुरात अडकलेल्या वाहनांची काळजी कशी घ्यावी, हा आपल्या पावसाळी पुरवणीतला लेख वाचला. सेल्फ मारू नका, बॅटरीची वायर काढा, एअर फिल्टर बघा, हे सगळं बरोबरच आहे. पण मागच्या दोन चाकांच्या मधे जो एक्सल, म्हणजे चाकं फिरवणारा दांडा, बसलेला असतो त्याबद्दल लेखात अवाक्षर नाही. मोटारवाल्यांचं एक वेळ चालेल, त्यांना सर्व्हिस सेंटर आहे. पंचाईत होते ती शेतावर, फार्महाउसवर एटीव्ही, म्हणजे हँडलने चालवायची जाड टायरांची चारचाकी, बाळगणाऱ्यांची. ही वाहनं बहुतेक रस्त्यासाठी नोंदलेली नसतात. जवळच्या बाइकच्या गॅरेजात जातात, आणि तिथे जाडजूड मोटारसायकल समजून त्यांचं इंजिन तेवढं बघितलं जातं.

मी बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, लेथ चालवतो. एक्सल माझ्यापर्यंत येतो तो सगळे उपाय थकल्यावर. २०२४ च्या ऑगस्टमध्ये इथल्या विश्वामित्री नदीने २६ फुटांची धोक्याची खूण ओलांडली आणि पाणी ३५ फुटांच्याही वर गेलं. त्यानंतर दिवाळीपर्यंत माझ्याकडे असे एक्सल येतच होते. इंजिनं लोकांनी वाचवली होती. गाडी धुतली, पुसली, चालू झाली, सगळे खूश. मग काही आठवड्यांनी मागून घरघर सुरू.

सिंधरोटकडच्या एका शेतकऱ्याची गाडी तर मी उभीच बघितली. शहरातल्या एका गॅरेजने इंजिनचं ऑइल बदलून दिलं होतं, बिलही चोख होतं, पण मागच्या गिअरकेसच्या, म्हणजे एक्सलला फिरवणाऱ्या गिअरच्या पेटीच्या, तेल काढायच्या ड्रेन बोल्टला पाना लागलेलाच नव्हता. वरची मातीदेखील तशीच. गाडी रात्रभर उभी होती, त्यामुळे पाणी तळाशी बसलेलं. बोल्ट सैल केला तर आधी गढूळ पाणी आलं, मग दुधाच्या चहासारखं तेल, आणि बोल्टच्या टोकाला लोखंडाचा चुरा. आतल्या बेअरिंगच्या गोळ्या तपकिरी पडलेल्या, क्राऊन-पिनियनच्या, म्हणजे आतल्या गिअरच्या जोडीच्या, दातांवर गंजाचे बारीक खड्डे. बहुतेक एटीव्हींच्या मागच्या गिअरकेसमध्ये अर्धा लिटरही तेल मावत नाही. तेवढ्या तेलासाठी क्राऊन-पिनियन घालवायचा, याला काय म्हणावं?

पाणी आत शिरतं कसं, असं लोक विचारतात, कारण केस तर बंद दिसते. ती पूर्ण बंद नसते. चालून गरम झाली की आतली हवा फुगते आणि ब्रीदरच्या, म्हणजे हवा ये-जा करायच्या, नळीतून बाहेर जाते. अशी गरम गाडी तुम्ही थेट ओढ्यात घातली की हवा आकसते आणि केस बाहेरून ओढून घेऊ लागते. नळीचं तोंड पाण्याखाली असेल तर पाणी तिथूनच जातं. तोंड चिखलाने बुजलं असेल, किंवा कुंभारीण माशीने त्यात घर केलं असेल, तर ऑइल सीलच्या, म्हणजे एक्सल बाहेर येतो तिथल्या रबरी कड्याच्या, ओठावरून. सील हे मुख्यतः आतलं तेल अडवण्यासाठी असतं. बाहेरून जोर आला की त्याचा निभाव लागत नाही. म्हणूनच प्रेशरच्या फवाऱ्याने हबजवळ गाडी धुणाऱ्यांचा मला राग येतो. पुरातून वाचलेलं सील ते पाच मिनिटांत हरवतात.

आता आपल्या बडोद्याची खास गोष्ट. माझ्याकडे आलेल्या कितीतरी एक्सलवर सीलच्या तोंडाशी मांजा गुंडाळलेला असतो. उत्तरायणानंतर, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांनंतर, शेतात, बांधावर दोरा पडलेला असतो, फिरतं चाक तो आत ओढून घेतं, आणि काच लावलेला दोरा सीलचा ओठ खरवडत राहतो. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी तो निघतोच, आणि तो कुजतही नाही. सील जानेवारीत कापलं जातं आणि पाणी जुलैत शिरतं, म्हणून कोणी दोघांचा संबंध जोडत नाही. चाक काढून ब्लेडने दोरा काढायचा, एवढंच काम आहे.

पाणी गेलंच असेल तर गाडी चालवून वाळवू नका. तेल काढा, कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं नवं भरा, गाडी थोडी सावकाश फिरवा आणि पुन्हा काढा. स्वच्छ येईपर्यंत हे करावं लागतं. मग जॅकवर घेऊन चाक धरून हलवा. बेअरिंगला प्ले असेल, म्हणजे चाक ढिलं हलत असेल, तर नुसतं सील बदलणं म्हणजे पैसे वाया, डुगडुगणारा एक्सल नवं सीलही खातो. सील जिथे घासतं तिथे एक्सलवर नख फिरवून पाहा. नख अडकलं तर खाच पडली आहे. तिथे पातळ स्लीव्ह, म्हणजे वरून चढवायची धातूची नळी, बसवता येतं, किंवा जागा असेल तर सील किंचित आत बसवून ओठ नव्या जागी आणता येतो. स्प्रिंगची बाजू तेलाकडे हवी. उलटं बसवलेलं सील मी पाहिलेलं आहे, म्हणून लिहितो. ब्रीदरची नळी लांब करून सीटखाली उंच बांधा आणि तिचं तोंड खाली वळवा.

ज्या गाड्यांत एक्सल चेनने फिरतो त्यांत मागे तेल नसतं, एक्सल ज्यातून जातो त्या कॅरिअरच्या नळीत दोन बेअरिंगांच्या मधे पाणी साचतं. तिथे उघडून, पुसून ग्रीस भरणं हाच उपाय. काही गाड्यांत मागचा ड्रमब्रेकही एक्सलवरच बंद डब्यात असतो, तोही उघडून बघावा.

शेवटची विनंती आपल्या वाचकांतल्या मेकॅनिक मंडळींना. एक्सल अडकला की त्याच्या उघड्या टोकावर घण घालू नका. आटे चपटे होतात आणि मग नट बसत नाही. जुना नट टोकाच्या पातळीत फिरवून ठेवा, वर लाकडाचा ठोकळा धरा आणि मग ठोका. आटे पुन्हा पाडायची मजुरी मला मिळते हे खरं, पण ती मला नको आहे.

आपला,
एक लेथ कारागीर,
दांडिया बाजार, बडोदे