माळ मोकळा दिसतो म्हणून त्यावर गाड्या घालायच्या का?

मा. संपादक, स.न.वि.वि.

आमच्या गावाच्या वरल्या अंगाला बालाघाटचा माळ आहे, थोडा वनखात्याचा, थोडा गायरान. मागच्या दोन पावसाळ्यांपासून तिथं रविवारी जीपा यायला लागल्यात, मोठी टायरं, वर लाइटी, ऑफरोडिंग म्हणतेत त्याला. पोरं वाईट नाहीत, पाणी मागायला वस्तीवर येतात, नीट बोलतात. पण माळाचं काय होतंय ते त्यांना दिसत नाही आणि ज्यांनी बघायचं ते वर येत नाहीत, म्हणून हे पत्र.

त्या उतारावर गावानं श्रमदानातनं सलग समतल चर खोदलेत, आम्ही सीसीटीच म्हणतो. चराच्या कडेचा मातीचा बांध गाडी चढवायला बरा वाटतो, म्हणून नेमक्या त्यावरनंच गाड्या घातल्या आणि चार ठिकाणी चर फुटला. चर पाण्याला आडवं धरून ठेवतो, टायरची चाकोरी मात्र सरळ उताराला जाते, मग पुढच्या मोठ्या पावसात सगळं पाणी त्या चाकोरीत शिरलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी मी वर गेलो तर चाकोरीचा ओघळ झालेला, आत पाय ठेवला तर गुडघ्याएवढा खोल, खाली नुसता मुरूम. माळावर माती मुळात वीतभर, तिला पवन्या, कुसळी, मारवेल या गवतांच्या मुळ्या धरून असतात. ही माती वाहून कुठं गेली तर खालच्या पाझर तलावात, जो आमच्या म्हाताऱ्या माणसांनी 72 च्या दुष्काळात डोक्यावर पाट्या वाहून बांधला.

आणि टिटवी. ती घरटं असं बांधत नाही, खड्यांत जराशी खळगी करून मातकट, काळ्या ठिपक्यांची अंडी घालते, शेजारी उभं राहून सुद्धा दिसत नाहीत, गाडीतनं काय दिसणार. जूनमधे एका चाकोरीत मला फुटलेली दोन सापडली, जोडी डोक्यावर ओरडत फिरत होती.

आमच्याच पाटोदा तालुक्यात नायगाव मयूर अभयारण्य आहे, 1994 चं, तीसेक चौरस किमी. तिथं 1972 च्या वन्यजीव कायद्याचं कलम 27 लागतं, परवानगीशिवाय कुणाला आत जाता येत नाही. राखीव वनाला 1927 च्या वन कायद्याचं कलम 26 आहे. गायरानाचं मात्र कुणी विचारत नाही, पंचायत म्हणते तहसीलला सांगा, तहसील म्हणतं पंचायतीचं काम. चिंकारा हरीण तर दिवसभर त्याच गायरानात असतं.

हा वाद आपल्याकडंच आहे असं नाही. अमेरिकेनं 1964 ला वाइल्डरनेस कायदा करून काही जंगलं अशी राखली की तिथं मोटार नाही, सायकल सुद्धा नाही. बाकी सरकारी जमिनीसाठी 1972 ला राष्ट्राध्यक्ष निक्सननी हुकूम काढला, गाडी कुठं चालेल कुठं नाही हे आधी ठरवा, आणि 1977 ला राष्ट्राध्यक्ष कार्टरनी त्यात भर घातली की नुकसान दिसलं तर ती वाट लगेच बंद करा. एवढ्या मोठ्या देशाला वाटा आखाव्या लागल्या. आपल्याकडं पण पुणे जिल्ह्यात कडबनवाडी, शिर्सुफळला वनखात्याची गवताळ सफारी चालते, ऑनलाइन बुकिंग, ठरलेली वाट, गावातला गाईड, म्हणजे जमतं की.

मला सगळ्यात लागतं ते वेगळंच आहे. चराईबंदी ठरली तेव्हा आमच्या धनगर भावकीनं शेरडं-मेंढरं त्या उतारावरनं काढली, लांब लांब फिरली, नुकसान सोसलं. एखादं मेंढरू चुकून गेलं तरी त्यांना बोलणी बसतात, आणि दोन टनाची गाडी तिथंच घसरत फिरते तिला कुणी हटकत नाही. हे त्यांना काय म्हणून सांगायचं?

गाड्या कायमच्या बंद करा असं माझं म्हणणं नाही. जून ते सप्टेंबर माळ पूर्ण बंद ठेवा, बाकी वेळेला जुनी बैलगाडीची वाट आहे तिच्यावरनंच जाऊ द्या, गाडीचा नंबर पंचायतीत लिहून घ्या आणि पावतीचे पैसे चरांच्या दुरुस्तीला वापरा. अक्षय तृतीयेनंतर आम्ही फुटलेले चर नीट करायला वर जाणार आहोत, त्याआधी वनखात्याचा आणि तहसीलचा एकेक माणूस येऊन हद्द दाखवून गेला तर वाटेवर दगड आम्हीच रचू.

एक शेतकरी वाचक,
ता. पाटोदा, जि. बीड