अर्ज मागे घेणार नाहीये

आई-बाबा,
साष्टांग नमस्कार. बाबा, डोळ्याचे ड्रॉप वेळेवर टाकताय ना, ताईला त्रास देऊ नका.

काल फोनवर तुम्ही म्हणालात की सरपंच भावकीतले आहेत, पगारावरून वाद कशाला, अर्ज मागे घे. फोनवर मला नीट बोलता आलं नाही म्हणून लिहितोय. बाबा, मी पगारवाढ मागतच नाहीये. २०२० च्या ऑगस्टमध्ये सरकारने ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांचे किमान वेतनाचे दर काढले, आपलं गाव पाच ते दहा हजार वस्तीत येतं, त्यात कुशल कामगाराला महिना १३,७६० रुपये आणि माझ्यासारखा लिपिक कुशलमध्येच धरतात. त्यातला ७५ टक्के हिस्सा सरकारचा, उरलेले ३,४४० ग्रामपंचायतीने स्वनिधीतून, म्हणजे स्वतःच्या करवसुलीतून द्यायचे. हे ३,४४० आणि वर राहणीमान भत्ता (महागाईचा), दोन्ही मला मिळतच नाहीत. विचारलं की म्हणतात वसुली झाली की देऊ.

आता वसुली कोण करतं तर मीच. मार्चमध्ये घरपट्टी-पाणीपट्टीची पावतीपुस्तकं घेऊन रात्री नऊ नऊ वाजेपर्यंत वस्त्यांवर फिरलो, कुणी चहा दिला, कुणी दार लावून घेतलं, आणि वसुली कमी पडली की सरकारच्या हिश्श्यालाही कात्री लागते म्हणजे दोन्हीकडून मार माझ्यावरच. दिवसभर दाखले, नमुना आठचे म्हणजे घरांच्या नोंदीचे उतारे, ऑनलाइन नोंदी, लाईट गेली की सगळं परत पहिल्यापासून. तुमच्या औषधाचे पैसे मागच्या महिन्यात ताईने भरले ते मला फार लागलंय, खरं सांगतो.

भावकीचं म्हणाल तर मी कुणाला वाकडा शब्द बोललेलो नाही. आधी मासिक सभेत तोंडी सांगितलं, मग लेखी दिलं, दोन महिने वाट बघितली आणि मगच पंचायत समितीत बीडीओ (गटविकास अधिकारी) साहेबांकडे अर्ज टाकला. आपला शिपाई आणि पाणी सोडणारे काका, त्यांचंही असंच अडकलंय, त्यांना लिहिता येत नाही म्हणून त्यांचेही अर्ज मीच लिहून दिले, आता मी मागे सरलो तर ते कुणाकडे बघणार?

आई, तू घाबरू नकोस, नोकरी जाणार नाही. पण आता ग्रामपंचायतवाले म्हणायला लागलेत की मी मानधनावर आहे, पगारी कर्मचारी नाहीच, म्हणून माझ्या नेमणुकीच्या ठरावाची नक्कल लागणारे, ती बाबांच्या लोखंडी पेटीत आहे. किल्ली कुठे ठेवलीय ते ताईच्या फोनवरून आजच सांगा, सोमवारी सुनावणी आहे.

तुमचा,
बाळू