‘तरंगता’ बाजार आणि ‘बॉयंट’चा अर्थ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या अर्थविषयक पानावर नुकतेच ‘शेअर बाजार तरंगता’ असे शीर्षक वाचले. खालच्या मजकुरात मात्र भाव चढे असल्याचे आणि व्यवहार जोमात असल्याचे लिहिले होते. मूळ इंग्रजी बातमीत ‘बॉयंट’ हे विशेषण असणार आणि शब्दकोशातला पहिलाच अर्थ उचलला गेला असणार, हे खानापूर तालुक्यात मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवण्यात नोकरी सरलेल्या माझ्यासारख्याच्या लगेच ध्यानात आले.

मराठीत ‘तरंगते’ म्हटले की ठाव नसलेले, वाऱ्यावर हलणारे असे काही डोळ्यांसमोर येते; चलनाच्या अस्थिर दरालाही आपण ‘तरंगता दर’च म्हणतो. ‘बॉयंट’ची गोष्ट वेगळी आहे. पाण्यात दाबून धरलेला चेंडू हात सुटताच उसळून वर येतो, ती वर येण्याची ओढ या शब्दात आहे. विज्ञानाच्या पुस्तकात ज्याला प्लावक बल म्हणतात ते, आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार, वस्तूने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतके असते आणि ते बुडालेल्या वस्तूवरही काम करीत असते. विहिरीतली भरलेली घागर पाण्यात असेपर्यंत दोराला हलकी लागते आणि पाण्याबाहेर येताच हात ओढते, हे आमच्या गावातल्या बायकांना पुस्तकाविना ठाऊक होते.

शब्दाचे कूळ याहून रंजक आहे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजीत आलेला हा शब्द स्पॅनिश ‘बोयांते’शी जोडला जातो. कोरड्यात अडकलेले जहाज पुन्हा तरंगू लागणे यासाठी स्पॅनिशमध्ये ‘बोयार’ हे क्रियापद आहे, आणि ओझे कमी असल्याने पाण्यात पुरेसे न बसणारे जहाज ते ‘बोयांते’. भरभराटीत असलेल्या माणसालाही तिथे हेच विशेषण लावतात. या साऱ्याच्या मुळाशी ‘बोया’ आहे, म्हणजे खडक वा वाट दाखवण्यासाठी समुद्रात नांगरून ठेवलेला तरंगता पिंप, ज्याला मराठीतही बोयाच म्हणतात. हा बोया कुठून आला यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. काही जण त्याचे नाते खुणेच्या दिव्याशी लावतात, तर काही जण लॅटिन ‘बोइया’शी, ज्याचा अर्थ बेडी किंवा गळ्यातली साखळी. मला दुसरे मत अधिक भावते, कारण बोया साखळीने तळाशी बांधलेला असतो म्हणूनच जागेवर राहून तरंगतो.

आपल्याकडे याला जोड आहे. वाळलेले भोपळे एकत्र बांधून केलेल्या तराफ्याला ‘सांगड’ म्हणतात, आणि ‘सांगड घालणे’ हा वाक्प्रचार आपण रोज वापरतो. तिथेही तरंगण्याच्या साधनाला बांधण्याचाच अर्थ चिकटला आहे. (आमच्या भागात कानावर पडणाऱ्या कन्नडमध्ये तरंगण्याला ‘तेलु’ म्हणतात. मराठी मुलांना त्यात तेल ऐकू येते आणि तेल पाण्यावर तरंगतेच, त्यामुळे हा शब्द त्यांना कधी पाठ करावा लागला नाही.)

माणसाच्या मनासाठी इंग्रजीत हे विशेषण येते तेव्हा ‘आनंदी’ एवढ्याने भागत नाही, कारण खचवणारे काही घडूनही जो पुन्हा उभारी धरतो त्याच्याविषयी ते विशेष शोभते. ‘उमेदीचा’ किंवा ‘उभारी असलेला’ हे शब्द मला जवळचे वाटतात. ‘प्रफुल्ल’ मात्र फुलांकडे राहू द्यावा. बाजाराच्या बातमीला तर ‘तेजी टिकून’ एवढे दोन शब्द पुरेसे होते आणि ते शीर्षकाच्या जागेतही बसले असते.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक
खानापूर, जि. बेळगाव