‘निसर्ग कोपला’ हे छापणं आता बंद करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पत्र जरा लांबलंय, मधलं छाटलंत तरी चालेल पण शेवटची मागणी तेवढी राहू द्या.

पूर आला की तुमच्याकडे ‘निसर्ग कोपला’, पाऊस लांबला की ‘लहरी निसर्गाचा फटका’ आणि उन्हाने माणसं दगावली की ‘सूर्य आग ओकतोय’. गेली कितीतरी वर्षं हेच वाचतेय आणि दर वेळी वाटतं की बातमीतून आरोपीच गायब केलाय. घरफोडी झाली की तुम्ही ‘नशिबाने दागिने नेले’ असं काही छापत नाही, मग इथेच का?

दुसरी तक्रार शब्दाची आहे. भूगोलाच्या पुस्तकात आपण शिकलो की हवा म्हणजे आजची-उद्याची आणि हवामान म्हणजे कितीतरी वर्षांची सरासरी, साधारण ३० वर्षांची धरतात. पेपरात मात्र उद्या पाऊस पडणार का ते पण ‘हवामान’ आणि दीडशे वर्षांत पृथ्वी तापली ते पण ‘हवामान बदल’. मग फॅमिली ग्रुपवर कोणीतरी काका हमखास लिहितात, ‘त्यात काय, हवामान तर रोजच बदलतं’, आणि खरं सांगू का, नुसता शब्द बघितला तर त्यांचं चुकत पण नाही. निदान ‘तापमानवाढ’ तरी लिहा, त्यात काय वाढलंय ते तरी कळतं.

आता आरोपीबद्दल. एक लिटर पेट्रोल साधारण ७५० ग्रॅम भरतं, आणि ते जळलं की सायलेन्सरमधून जवळपास २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं छपाईची चूक आहे, पाऊण किलोतून सव्वादोन किलो कसं निघेल? मग कागद घेऊन बसले. पेट्रोलमध्ये बहुतेक कार्बनच असतो, तो जळताना कार्बनचा प्रत्येक अणू हवेतले ऑक्सिजनचे दोन अणू उचलतो, कार्बनचं वजन १२ आणि त्या दोन ऑक्सिजनचं मिळून ३२, म्हणजे जास्तीचं वजन हवेतनंच आलं. हिशोब बरोबर निघाला आणि मी गप्प झाले. हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही, नाहीतर तो काळ्या भुकटीसारखा गाडीमागे सांडत गेला असता तर पहिल्याच आठवड्यात मोर्चे निघाले असते. कोळसा, डिझेल, गॅस सगळ्यांचं गणित हेच, त्यात सिमेंटच्या भट्ट्या आणि तोडलेली जंगलं धरा.

आणि हे काही काल-परवाचं संशोधन नाही. १८५६ साली युनिस फूट नावाच्या बाईंनी काचेच्या नळ्यांत वेगवेगळे वायू भरून त्यात थर्मामीटर ठेवले आणि नळ्या उन्हात ठेवल्या, तर कार्बन डायऑक्साइडवाली नळी सगळ्यात जास्त तापली आणि बाजूला नेल्यावर निवायलाही सगळ्यात जास्त वेळ लागला. हवेत हा वायू वाढला तर पृथ्वी जास्त तापेल हे त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलं. (त्यांचा पेपर सभेत वाचला मात्र एका पुरुषाने, पण तो विषय वेगळ्या पत्राचा.) पुढे टिंडॉल या शास्त्रज्ञांनी पृथ्वीवरून परत निघणारी उष्णता असे वायू कशी अडवतात ते मोजून दाखवलं आणि १८९६ साली स्वीडनचे शास्त्रज्ञ अर्‍हेनियस यांनी हवेतला हा वायू दुप्पट झाला तर किती डिग्री वाढेल याचा हातानेच हिशोब मांडला.

कारखाने सुरू व्हायच्या आधी हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे २८० भाग होते. १९५८ पासून हवाई बेटावरच्या मौना लोआ डोंगरावर रोज मोजतात, तेव्हा ३१५ च्या आसपास होता, आता ४२० च्या वर गेलाय. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या जुन्या हवेचे बुडबुडे तपासलेत, त्यात ८ लाख वर्षांत कधी ३०० च्या फार वर गेलेला दिसत नाही. ‘हा ज्वालामुखीचा असेल’ असं म्हणणारे भेटतातच, पण ज्वालामुखींचा वाटा आपल्या शंभराव्या हिश्श्याएवढाही नाही. शिवाय कोळसा-तेलातला कार्बन इतका जुना असतो की त्यात कार्बन-१४ (कार्बनचाच एक प्रकार, जो काळाबरोबर आपोआप नाहीसा होत जातो) उरलेलाच नसतो, आणि हवेतल्या कार्बनमध्ये त्याचं प्रमाण या जुन्या कार्बनमुळे पातळ होत गेलेलं मोजलंय. म्हणजे चोराच्या बोटांचे ठसे पण सापडलेत. आणि सूर्य जास्त तापला असता तर वातावरण वरपर्यंत तापायला हवं होतं, प्रत्यक्षात खालचा थर तापतोय आणि वरचा थंड होतोय.

आता तुमच्या ‘लहरी’ निसर्गाकडे येते. हवा १ डिग्रीने तापली की ती साधारण ७ टक्के जास्त वाफ धरू शकते. भांडं मोठं झालं म्हणा ना, भरायला वेळ जास्त लागतो, तोवर ते जमिनीतली ओल खेचत राहतं, आणि उपडं झालं की एकदम जास्त पाणी. म्हणून आधी कोरडे दिवस आणि मग दोन तासांत महिन्याचा पाऊस, हे दोन्ही एकाच शेतात होऊ शकतं. तुम्ही दुष्काळाची बातमी एका पानावर छापता आणि पुराची दुसऱ्या पानावर, वाचणाऱ्याला वाटतं दोन वेगळी संकटं. यात लहर कुठे आली? साधं भौतिकशास्त्र आहे हो.

अशी अडकलेल्या जास्तीच्या उष्णतेपैकी जवळपास ९० टक्के समुद्राने पोटात घेतलीय, नाहीतर आपलं काय झालं असतं कोण जाणे. पण पाणी तापलं की फुगतं, त्यात जमिनीवरचं बर्फ वितळून येतंय, त्यामुळे १९०० पासून समुद्र सरासरी २० सेंटिमीटर वर आलाय. वीतभर. ऐकायला काहीच वाटत नाही, पण वादळाची लाट आता त्या वीतभर उंचीवरून सुरू होते. उन्हाच्या बातम्यांत पण नुसता पारा छापू नका, सोबत दमटपणा छापा. घाम वाळला तरच अंग थंड होतं, हवा ओलीचिंब असेल तर ४० पेक्षा कमी पाऱ्यात पण धडधाकट माणूस आडवा होतो, उन्हात काम करणाऱ्याला विचारा.

‘एक-दीड डिग्रीने काय होतंय’ असं विचारणाऱ्यांना एवढंच सांगते की शेवटच्या हिमयुगात पृथ्वीची सरासरी आजच्यापेक्षा पाच-सहा डिग्रीनेच कमी होती, आणि तेव्हा कॅनडा आणि उत्तर युरोपच्या मोठ्या भागावर किलोमीटरच्या वर जाडीचं बर्फ होतं. २०१५ च्या पॅरिस करारात कारखान्यांच्या आधीच्या काळापेक्षा दीड डिग्री वाढीच्या आत राहायचा प्रयत्न करू असं ठरलं, २०२४ हे एक वर्ष त्याच्या वर गेलं सुद्धा. एका वर्षाने करार मोडला असं होत नाही, पण दिशा कळते.

तर मागणी अशी. पेपरात रोज सूर्योदय, सूर्यास्त, कमाल, किमान छापता, त्याच चौकटीत एक ओळ वाढवा, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा आकडा. मौना लोआचा आकडा रोज जाहीर होतो, फुकट आहे, जागा पण एका ओळीपेक्षा जास्त लागणार नाही. बहुतेक दिवस तो दशांशात हलेल आणि कंटाळवाणा वाटेल, वाटू दे. फक्त एक सांभाळा, मे महिन्यात तो सगळ्यात वर असतो आणि सप्टेंबरच्या शेवटी सहा-सातने उतरतो, कारण उत्तर गोलार्धातली झाडं उन्हाळ्यात तेवढा ओढून घेतात. तेव्हा उगाच ‘कार्बन घटला’ अशी हेडलाईन करू नका, पुढच्या मे महिन्यात तो मागच्या मेपेक्षा वरच सापडेल.

आपली,
एक रोजची वाचक