दगड ओळखणाऱ्या घरांना भूशास्त्रात जागा देणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सा. न. वि. वि.

भूशास्त्राची पदव्युत्तर पदवी हाती आल्यावर हे पत्र मी मुद्दाम जाहीरपणे लिहीत आहे, कारण आमच्यासारख्या घरांतून आलेली मुले या विषयात कशी टिकतात, हे तुम्ही करून दाखवलेत आणि ते इतर शिक्षकांपर्यंतही पोहोचावे, असे मला मनापासून वाटते.

आमचे घर पाथरवटांचे. सुतकीच्या, म्हणजे दगड घडवायच्या हातोडीच्या, घावाचा आवाज ऐकून दगड एकसंध आहे की आत चीर आहे, हे माझ्या वडिलांना कळते. विहीर खणताना काळ्या कातळाखाली तांबडा, मऊ थर लागला की बाजू ढासळू शकतात, हेही त्यांना अनुभवाने ठाऊक आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ज्या लाव्हाचे थरावर थर साचून आपले दख्खनचे पठार घडले, त्याच थरांच्या मधली ही तांबडी माती म्हणजे दोन उद्रेकांमधल्या काळात झिजलेल्या पृष्ठभागाची खूण, हे मी तुमच्याकडून शिकले. पण त्याआधी तुम्ही मला विचारलेत, की घरी या थराविषयी काय सांगतात. वर्गात माझ्या घरातले ज्ञान कोणी विचारण्याची ती पहिलीच वेळ होती.

पुढे पुण्यातल्या पाताळेश्वरच्या अभ्यासभेटीला तुम्ही वडिलांनाच बोलावलेत. आठव्या शतकात एकाच कातळात कोरलेल्या त्या लेण्यात छिन्नीच्या खुणांवर हात ठेवून ते खोदकामाचा क्रम समजावत होते, दगड कुठे साथ देतो आणि कुठे दगा देतो ते दाखवत होते. आणि लाव्हा थंड होताना आकसतो, म्हणून त्यात चिरा पडतात, हे तुम्ही त्यांच्याच बोलण्याला जोडून सांगितलेत. अहवालात त्यांचे नाव मार्गदर्शक म्हणून घालायला लावलेत. तो अहवाल आमच्या घरी अजून जपून ठेवला आहे.

पारनेर तालुक्यातल्या वर्गमित्राकडून तुम्ही आधी निघोजच्या मळगंगा देवीची कथा ऐकलीत, आणि मग कुकडीच्या प्रवाहात गरगर फिरणाऱ्या गोट्यांनी रांजणखळगे कसे कोरले, ते शिकवलेत. कथा आणि कारण यांपैकी एकाची निवड करण्याची सक्ती तुम्ही कोणावर केली नाहीत. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव दरडीखाली गेले. त्याविषयी बोलताना आंबेगावच्या डोंगरातून आलेल्या मैत्रिणीला पावसाळ्यात उतारावर घरचे लोक काय पाहतात, हे तुम्ही सांगू दिलेत. ज्या लोकांना दरडीखाली राहायचे आहे, त्यांच्यातलेच भूशास्त्रज्ञ व्हायला हवेत, हे माझे मत त्या तासाला पक्के झाले.

अमेरिकेत भूविज्ञानातील पीएच. डी. मिळवणाऱ्यांत वंश आणि समाजगटांच्या प्रमाणाबाबत चाळीस वर्षांत प्रगती झाली नाही, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका शोधलेखाने दाखवले. तिथेच नवाहो या मूळनिवासी समाजाच्या भूमीवरील दिने कॉलेजात स्टीव्हन सेमकेन या भूविज्ञानाच्या प्राध्यापकांनी मात्र स्थानिक भूमी आणि तिच्याशी लोकांचे असलेले नाते यांना धरून भूविज्ञान शिकवले. शिष्यवृत्ती आणि राखीव जागा आवश्यक आहेतच. पण प्रवेश मिळाल्यावर विद्यार्थी परका राहिला, तर तो फार काळ थांबत नाही. पुस्तकांतली उदाहरणे हिमालयाची किंवा आल्प्सची आणि पायाखाली मात्र बेसाल्ट, म्हणजे लाव्हापासून बनलेला आपला काळा कातळ, ही विसंगती तुम्ही मिटवलीत.

एक गोष्ट सांगायलाच हवी. लांबच्या सहलींचा खर्च आणि मुलींच्या मुक्कामाची घरची काळजी यांमुळे कित्येक जणी गळतात. तुम्ही बरीच क्षेत्रकार्ये वेताळ टेकडी, खडकवासला अशी एका दिवसात होणारी ठेवलीत आणि मुक्काम अटळ होता तेव्हा स्वतः आईशी बोललात.

आता एक विनंती. आमच्या वस्तीतल्या आठवी-नववीच्या मुलींना टेकडीवरचे दगड दाखवायला मी आणि वडील जाणार आहोत. त्या दिवशी तुम्ही यावे, अशी सर्वांची इच्छा आहे. आपल्या सोयीचा रविवार कळवावा, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
एक माजी विद्यार्थिनी, पुणे